सांगलीहून मुंबई, एकटीने, फक्त खायला: दोन दिवसांत काय काय बसेल?

कृष्णाकाठची_वांगी
नमस्कार मंडळी. विश्रामबागेत राहते, शाळेत शिकवते, वय सत्तेचाळीस. मुंबईला आजवर वीसेक वेळा गेले असेन. लग्नं, बारशी, एक ऑपरेशन, मुलाची अ‍ॅडमिशन. दर वेळी कुणाकडे तरी उतरले आणि त्यांच्याकडेच जेवले. डोंबिवलीच्या मावशीची आमटी उत्तमच असते, तक्रार नाही. पण एवढ्या वेळा दादरला गाडी बदलूनही मी तिथं एक साधा वडा खाल्लेला नाही, हे परवा वह्या तपासताना अचानक डोक्यात आलं आणि वह्या बाजूला राहिल्या.

तर ठरवलंय. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघायचं, शनिवार-रविवार मुंबईत खायचं, रविवारी रात्रीच्या महालक्ष्मीनं परत. बघायचं काही नाही, भेटायचं कुणाला नाही. नवरा बाहेरचं खात नाही, आणि खाल्लंच तर पुढं दोन दिवस त्याविषयीच बोलतो, म्हणून एकटीच.

घरी सांगितलं. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "कोणाकडे?" म्हटलं, कोणाकडे नाही. "मग जेवणार कोणाकडे?" इथं चर्चा थांबली ती थांबलीच.

माझी यादी: मामा काणे, प्रकाश, आस्वाद, राम आश्रय, कॅफे मद्रास, राम नायक, कयानी, ब्रिटानिया, नूर मोहम्मदी, ताज आइस्क्रीम, बडेमियाँ. शनिवारी मी नॉनव्हेज खात नाही, रविवारी काहीही चालतं. राहणं सोडून खाण्यासाठी अडीच हजार बाजूला काढलेत. राहावं कुठं, यादीला कात्री कुठं लावावी, आणि हॉटेलात एकटीनं बसलं की ओशाळल्यासारखं होतं त्याचं काय करावं, हे सांगा.

भडंगराव
अकरा ठिकाणं? ताई, यादी चांगली आहे, पण पोट एकच नेणार आहात ना?

डॉ_पित्त
व्यवसायानं वैद्य असल्यामुळे या धाग्यावर लक्ष ठेवून आहे. फी सोमवारी.

पेठेतला_पाटील
एवढा खटाटोप कशाला? पुण्याला जा. सकाळी कोयना एक्सप्रेसनं निघा, हवं ते खा, मुक्काम करून परत.

भडंगराव
@पाटील, पुण्यात दुपारी एक ते चार काय खायचं? दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

मिरज_जंक्शन
आधी गाडीचं बोलू, मग खाण्याचं.

महालक्ष्मी सांगलीला रात्री दहाच्या सुमारास येते. सीएसएमटीपर्यंत बसून राहू नका, सकाळी सातच्या आसपास दादर येतं, तिथं उतरा. तुमच्या यादीतली निम्मी ठिकाणं दादर-माटुंग्यातच आहेत. परतीची गाडी मात्र सीएसएमटीवरून धरा. ती रात्री आठ-साडेआठच्या दरम्यान सुटते.

आता महत्त्वाचं. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. साधारण अकरा ते चारच्या दरम्यान. बऱ्याचदा तो माटुंगा-मुलुंड टप्प्यातच असतो, धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, हार्बरचा वेगळा. शुक्रवारी-शनिवारी पेपरात येतं, बघून घ्या. पश्चिम रेल्वेचाही जंबो ब्लॉक असतो. म्हणजे माटुंगा शनिवारीच उरका. तुमचा शनिवार नाहीतरी शाकाहारी आहे, माटुंगा तर सगळा शाकाहारीच. यापेक्षा चांगलं वेळापत्रक रेल्वेलाही जमणार नाही.

कृष्णाकाठची_वांगी
@मिरज_जंक्शन, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माटुंगा रविवारी टाकलं होतं. धन्यवाद.

साबुदाणा
माहेर तासगाव, सासर दादर, बावीस वर्षं. तेव्हा हक्कानं सांगते.

मामा काणे स्टेशनच्या पश्चिमेलाच, गाडीतून उतरलात की चालत दोन मिनिटं. १९१० पासूनचं आहे. सकाळी तिथं एक बटाटेवडा आणि चहा. एकच. मग खोलीवर सामान टाका, आंघोळ करा. प्रकाश गोखले रोडवर, तिथला साबुदाणावडा म्हणजे दोन वड्यांत जेवण होतं, आणि त्याबरोबर मिळणारी चटणी वाटीनं प्यावी अशी. पण वड्यावर पीयूष घेऊ नका. पीयूष म्हणजे श्रीखंडाचं प्यायचं रूप, ते पोटात गेलं की दुपारपर्यंत दुसऱ्या कशाला दार उघडत नाही. घ्यायचंच तर फक्त पीयूष घ्या आणि शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारा.

प्रकाश आणि आस्वाद जवळजवळ आहेत, दोन्ही एका सकाळी होणार नाहीत. एक निवडा. आस्वादची मिसळ २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरली होती, त्यामुळे...

तर्रीबाज
लंडन.

मिसळीचा निकाल लंडनात.

साबुदाणा
@तर्रीबाज, मला माहीत होतं कुणीतरी येणार. वाक्य तरी पुरं करू द्या.

तर्रीबाज
माफ करा, पण राहवलं नाही. तांबूस पाण्यावर फरसाण टाकून वर लिंबाची फोड ठेवली की मुंबईत तिला मिसळ म्हणतात. कट, म्हणजे झणझणीत रस्सा, कुठंय? विचारलं तर वेटर विजेचा कट समजतो. आणि पाव! मिसळीबरोबर ब्रेडचा स्लाईस पाहिजे, तो कट पितो. पाव नुसता ओला होतो.

भडंगराव
व्हय की भावा, पण ताई सांगलीच्या हायत. कट त्यांना हितं रोज मिळतोय. तिकडं जाऊन पुन्हा कटच शोधायचा तर मग महालक्ष्मीचं तिकीट कशाला, हरभट रोडला चालत जावं.

साबुदाणा
@तर्रीबाज, ती मिसळ वेगळ्या घरची आहे. गोडसर, गोडा मसाल्याची, ब्राह्मणी म्हणा हवं तर. कोल्हापुरी मापानं मोजलीत तर कमीच भरणार. तुमच्या तांबड्या रश्शाला कोकणी माणूस "नारळ कुठाय?" विचारतो तसं हे.

तर्रीबाज
नारळाचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

वाचनमात्र
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अर्धी_प्लेट
मिसळीचं भांडण चालू द्या, मी मूळ प्रश्नाकडे येते.

मीही सांगलीची, नोकरीमुळे नऊ वर्षं मुंबईत, आणि त्यातली सात वर्षं बाहेर एकटीच जेवते. ओशाळणं खरं असतं, पण ते जागेवर अवलंबून असतं. मोठ्या, शांत, पांढऱ्या टेबलक्लॉथच्या हॉटेलात चार जणांच्या टेबलावर एकटं बसलं की समोरच्या तीन रिकाम्या खुर्च्या आपल्याकडे बघतात. गर्दीच्या उडप्यात मात्र एकटं असणं म्हणजे चक्क वशिला. कॅफे मद्रासबाहेर शनिवारी पाऊण तास लोक उभे असतात, सहा-सहा, आठ-आठ जणांची कुटुंबं. आतून माणूस येऊन विचारतो, "सिंगल कोण आहे?" आणि मी सगळ्यांच्या पुढून आत जाते. एका टेबलावर तीन अनोळखी माणसं बसलेली असतात, चौथी मी. कुणी कुणाकडे बघत नाही, सांबाराची वाटी तेवढी पुढे सरकवतात.

दुसरं, मोबाइल बाहेर काढू नका. मोबाइल काढला की आपण कुणाची तरी वाट बघतोय असं दिसतं, आणि वेटरही ऑर्डर घ्यायला येत नाही. मेन्यू कार्ड वाचा. नाहीतर शेजारच्याच्या ताटात बघा आणि "हे काय आहे?" म्हणून विचारा. माझी रसम वड्याची ओळख अशीच झाली.

तिसरं, एकटीची खरी अडचण लाज ही नसून प्लेट ही आहे. चौघं गेलं की चार पदार्थ चाखता येतात, एकटीला एकच. माझी युक्ती: पर्समध्ये एक छोटा स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा. अर्धं तिथं, अर्धं डब्यात, डब्यातलं चार वाजता बागेत. माझं नाव त्यामुळेच.

राहण्याचं. पहिल्या वर्षी एका लॉजवर गेले होते, आगाऊ पैसे भरून. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सिंगल लेडीज देत नाही." कारण? "मालकांचा नियम." रात्रीचे साडेदहा. शेवटी मैत्रिणीला फोन केला. तेव्हा बुकिंग कुठूनही करा, पण त्यानंतर स्वतः फोन करून "मी एकटी आहे, महाराष्ट्रातलंच आधार कार्ड आहे, चालेल ना?" हे तोंडी विचारा आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

मुरलेलं_लोणचं
पॅरा दोनशी शंभर टक्के सहमत. मिस्टर गेल्यावर मी दोन वर्षं हॉटेलात पाय ठेवला नव्हता. आता आठवड्यातून एकदा एकटी डोसा खाते. राम मंदिर चौकातला वेटर मला बघून न विचारता कॉफी आणतो.

कृष्णाकाठची_वांगी
@मुरलेलं_लोणचं, तुमच्याबरोबर एकदा कॉफी प्यायला आवडेल. वेगवेगळ्या टेबलांवर बसून चालेल.

पेठेतला_पाटील
एक शंका. डोंबिवलीला सख्खी मावशी असताना लॉजवर उतरणार? मावशीला कळलं तर?

भडंगराव
मावशीला कळणारच. दादर स्टेशनवर ओळखीचं माणूस भेटल्याशिवाय सांगलीचा माणूस पूल उतरत नाही.

गिरगावकर_एकेकाळचा
जन्म गिरगावात, निवृत्तीनंतर मिरजेत. थोडं मोठं लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

तुमच्या यादीत चूक एकच आहे, ती यादी आहे. नावं वर्तमानपत्रातून आलेली दिसतात. मुंबईत खाणं नावानं शोधू नये, वस्तीनं शोधावं. माटुंगा घ्या. तिथं दक्षिणेतून नोकरीला आलेली एकटी पुरुषमंडळी राहायची, स्वयंपाक येत नाही, म्हणून खाणावळी निघाल्या. राम नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, नावातच बोर्डिंग आहे बघा. मंडईच्या माडीवर, माटुंगा स्टेशनाला लागून. म्हणजे ती जागा मुळात एकट्या माणसाला जेवू घालण्यासाठीच निघाली. तिथं तुम्ही कसल्या ओशाळता? कुपन घ्यायचं, नंबर आला की बसायचं, केळीच्या पानावर वाढतात. रसम दुसऱ्यांदा मागा. सोमवारी बंद असतं, तुम्हाला त्याचा प्रश्न नाही.

राम आश्रय १९३९ चं, पहाटेच उघडतं. तिथला अननसाचा शिरा खा. पण राम आश्रय, मद्रास आणि नायक ही तिन्ही एका दिवसात म्हणजे तांदूळ-उडदाचं एकच पीठ तीनदा. दोन करा.

आमचं गिरगाव आता ओळखू येत नाही. खोताच्या वाडीतला अनंताश्रम बंद होऊन जमाना झाला. तिथं मासे असे मिळायचे की वाढप्याचं खेकसणंही आम्ही तोंडी लावायचो. मेट्रोसाठी आमच्या ओळखीच्या चाळी गेल्या. मी खूप शिव्या दिल्या त्या मेट्रोला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, आणि परवा मी दादरला बसलो आणि थेट गिरगावात जमिनीतून वर आलो. जिथं वर आलो तिथं शेजारच्या चाळीत माझा मित्र राहायचा. असो. तुमच्या कामाचं एवढंच की दादर, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी सगळं त्या एका मार्गावर आहे, आणि रविवारच्या मेगाब्लॉकचा तिला त्रास नाही.

मिरज_जंक्शन
काका, सुंदर. जाता जाता, सीएसएमटीला क्लोक रूम आहे. बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत. रविवारी सकाळी बॅग तिथं टाका आणि दिवसभर मोकळ्या हातानं फिरा.

अर्धी_प्लेट
गिरगावकर काकांशी बहुतांशी सहमत, पण "यादी नको" हे दोन दिवस असलेल्या माणसाला सांगणं सोपं नाही. तुम्हाला साठ वर्षं होती. ताईंना सहा जेवणं आहेत.

गिरगावकर_एकेकाळचा
मान्य. सहा जेवणांना यादी लागते. पण सहाचीच.

रविवारचा_रस्सा
रविवारचं कुणी बोलेना. सांगतो. नल्ली निहारी, म्हणजे नळीच्या हाडांसकट शिजवलेला मांसाचा रस्सा, संध्याकाळसाठी ठेवू नका. निहारी हा शब्दच सकाळवरून आलाय, अरबीत नहार म्हणजे सकाळ, दिवस. रात्रभर मंद आचेवर ठेवतात आणि सकाळी खातात. नूर मोहम्मदी भेंडी बाजारात, १९२३ पासून. भिंतीवर चित्रकार एम. एफ. हुसेनांनी काढलेलं चित्र आहे. पण एक नल्ली निहारी एकट्या माणसाला फार होते, हे आधीच सांगतो. तूप तरंगतं त्यावर.

तिथून बोहरी मोहल्ला जवळच. ताज आइस्क्रीम १८८७ चं, अजून हातानं फिरवायच्या संच्यात करतात. निहारीनंतर तेच औषध.

बडेमियाँ रात्रीचं ठिकाण आहे आणि तुमची गाडी आठला, ते काढा. ब्रिटानियाही दुपारपुरतंच उघडतं आणि बॅलार्ड इस्टेट-फोर्ट रविवारी निपचित पडलेलं असतं, त्या भागात काहीही ठरवायचं तर आधी फोन करा. आणि ब्रिटानियाचा बेरी पुलाव तुमच्या अडीच हजारांतला मोठा घास घेईल.

पेठेतला_पाटील
भेंडी बाजारात बाई माणसानं एकटीनं?

अर्धी_प्लेट
@पाटील, दुपारी बारा वाजता तिथं खरेदीला आलेल्या बायकांची एवढी गर्दी असते की तुम्हालाच चालायला वाट मिळणार नाही. पर्स पुढं धरावी, तेवढं दादरलाही धरावं.

डॉ_पित्त
बन मस्का, निहारी, आइस्क्रीम, मग रात्रभर रेल्वे. फी वाढवली आहे.

कृष्णाकाठची_वांगी
सगळ्यांचे आभार. सहावर आले. शनिवार: मामा काणे, प्रकाश, राम नायक (दुपारी), कॅफे मद्रास (संध्याकाळी). रविवार: कयानी, नूर मोहम्मदी. ताज हे पोटात जागा राहिली तर. मुक्काम दादरला. फोन करून तोंडी विचारलं, नावही लिहून घेतलंय. तिकीट काढलं.

मावशीला आधीच सांगून टाकलं. ती म्हणाली, "एकटीच? मला का नाही विचारलंस?" आता पुढच्या वेळी दोघी.

भडंगराव
आभारप्रदर्शन झालं की धागा मरतो. परत आल्यावर वृत्तांत टाका, नाहीतर दारात येऊन विचारीन.

कृष्णाकाठची_वांगी
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. परीक्षा होत्या, परवाच जाऊन आले.

दादरला सात वाजता उतरले तर मामा काण्यांकडे आधीच माणसं बसलेली. एक वडा सांगितला होता साबुदाणाताईंनी, मी दोन खाल्ले. त्याची शिक्षा प्रकाशमध्ये झाली. एक साबुदाणावडा तिथं, दुसरा डब्यात. डबा नेला होता, अर्धी_प्लेट यांची कृपा. तो वडा दुपारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून क्रिकेट बघत खाल्ला, गार झालेला, तरीही चांगला. शेजारच्या आजोबांनी वड्याकडे दोनदा बघितलं. विचारलं, घेता का. म्हणाले, साखर आहे, आणि घेतला.

त्यामुळे राम नायक दुपारी होऊ शकलं नाही, ते रात्री केलं आणि मद्रास सुटलंच. कुपन काढून बाकावर बसले. माझ्या एका बाजूला कॉलेजातला मुलगा, दुसऱ्या बाजूला ऑफिसातून आलेली एक बाई, तिघंही एकटे. वाढप्यानं भात घालताना "थांबा" म्हणेपर्यंत हात थांबवला नाही. रसम तीनदा घेतलं. काका, तुम्ही दोनदा म्हणाला होतात. तिथं मला एकदाही ओशाळं वाटलं नाही, खरं म्हणजे वाटायला वेळच मिळाला नाही, ताक आलं होतं.

ओशाळं वाटलं ते रविवारी सकाळी कयानीत, आणि तेही जरा वेगळंच. १९०४ ची जागा, उंच छत, लाकडी खुर्च्या. बन मस्का चहात बुडवत होते, आणि अचानक वाटलं की नवऱ्याला हे आवडलं असतं. बन मस्का हा काही बाहेरचं खाणं म्हणण्याइतका बाहेरचा नाही. मग मावा केक बांधून घेतले.

निहारी अर्धीसुद्धा संपली नाही. रविवारचा_रस्सा यांनी बजावलं होतं, तरी. निम्मी डब्यात घालायचा मोह झाला, पण महालक्ष्मीच्या डब्यात तो डबा उघडला असता तर वरच्या बर्थवरच्या जैन आजींनी साखळी ओढली असती. ताजचं सीताफळ आइस्क्रीम मात्र पूर्ण. खर्च खाण्यावर दोन हजारांच्या आतच राहिला, उरलेल्यात मावशीला साडीपिन घेतल्या. का, माहीत नाही.

सोमवारी सकाळी घरी पोचले. सासूबाई दारातच. "जेवलीस कोणाकडे?" मी म्हटलं, "माटुंग्याला, नायकांकडे." त्या म्हणाल्या, "अगं मग आधी सांगायचं ना. आग्रह केला का त्यांनी?" म्हटलं, भाताला तर थांबू देईनात. "चांगली माणसं दिसतायत," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

गिरगावकर_एकेकाळचा
मोठ्यानं हसलो. घरातले बघायला आले.

तर्रीबाज
मिसळ खाल्ली नाहीत ना? बरं केलंत.

साबुदाणा
@तर्रीबाज, पुढच्या वेळी मावशी आहेत बरोबर. आस्वादला मीच घेऊन जाणार आहे दोघींना.

भडंगराव
ते सगळं राहू द्या. मावा केकचं काय झालं?

कृष्णाकाठची_वांगी
सहा आणले होते. तीन सासूबाईंनी खाल्ले, दोन नवऱ्यानं, एक मला. आज तिसरा दिवस आहे, नवरा अजून त्याविषयीच बोलतोय.